सूर्यावर विसंबलेला कायदा

१८९१ साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या कारखान्यांसाठी सुधारित फॅक्टरी कायदा केला. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ७ तास काम. बायकांना ११ तास. सगळ्यांना आठवड्यातून एक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. प्रौढ पुरुषांनी दिवसाला किती तास काम करायचं, हे मात्र त्या कायद्यात कुठेच सापडत नाही. आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्या त्यांचीच होती.

कायद्यात आकडा नसला तरी एक मर्यादा होती. ती सूर्यानं घातलेली होती. उजाडलं की गिरणी सुरू, अंधारलं की बंद. मुंबईत डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. कामाचा दिवसही त्याच्याबरोबर लांब-आखूड व्हायचा. कंदिलाच्या उजेडात तुटलेला धागा पटकन दिसत नाही, आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत असताना उघडी ज्योत म्हणजे आगीला निमंत्रण. रात्री गिरणी चालवणं सोपं नव्हतं.

मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. स्वदेशीच्या चळवळीमुळे देशी कापडाला मागणी होती, धंदा तेजीत होता. अनेक गिरण्यांमध्ये कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला. प्रौढ पुरुषांच्या बाबतीत यात कुणी कायदा मोडला नव्हता. कायदा ज्या सूर्यावर विसंबून होता, त्या सूर्याची गरजच संपली होती.

मी ऐरोलीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय अठ्ठावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, इतिहासाचं नाही. आमची टीम गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणत्या कामगारानं आता कोणत्या रॅककडे जायचं आणि त्याला किती सेकंद लागायला हवेत, हे आमची सिस्टीम ठरवते. गेलं वर्षभर शनिवार-रविवारी मी एआयच्या नियमनावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला मदत करतो. काम अगदी साधं आहे. सरकारी मसुदे वाचायचे, टेंडरमधली तांत्रिक कलमं सोप्या मराठीत लिहायची, हरकती-सूचना पाठवायच्या. हे करताना एक वाक्य सतत कानावर येतं: ‘तंत्रज्ञान पुढे जातं, कायदा मागे राहतो.’ गिरण्यांचा इतिहास वाचल्यावर मला हे वाक्य अपुरं वाटायला लागलं. कायदा मागे राहतो, पण नेमका कुठे? कोणत्या गोष्टीवर विसंबल्यामुळे? आणि ते सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं?

शेठ, कलेक्टर आणि एक मसुदा

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढून ताडदेवला उभारली. वीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. यंत्रं इंग्लंडहून आली, पण तिथे त्या यंत्रांभोवती तयार झालेले नियम सोबत आले नाहीत. इंग्लंडमध्ये १८३३ पासून फॅक्टरी इन्स्पेक्टर होते. मुंबईत सहा-सात वर्षांची मुलं कामाला होती आणि त्यांच्या कामाला कसलीच मर्यादा नव्हती.

१८७५ मध्ये मुंबई सरकारनं पहिलं फॅक्टरी कमिशन नेमलं. अध्यक्ष मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट, आणि सदस्यांत गिरणीमालकांचं वजन मोठं. बहुमताचा निष्कर्ष असा की कायद्याची गरज नाही. ज्यांचं नियमन करायचं तेच टेबलाभोवती बसले, की काय निघतं ते आजही आपल्याला ठाऊक आहे.

विषय तिथेच संपला असता. पण सोराबजी शापुरजी बंगाली नावाच्या पारशी गृहस्थांनी तो सोडला नाही. ते कामगार नव्हते. चांगल्या स्थितीतले व्यापारी होते, पत्रकार होते, शहरातल्या समाजसुधारणेच्या कामांत त्यांचं नाव होतं. १८७८ च्या सुमारास त्यांनी कामाच्या तासांवर बंधन घालणारा एक मसुदा स्वतःच तयार केला आणि मुंबईच्या कायदेमंडळात मांडायची परवानगी मागितली. सरकारनं ती दिली नाही. मग त्यांनी आपलं म्हणणं इंग्लंडमध्ये पोहोचवलं.

१८८१ मध्ये अखेर पहिला फॅक्टरी कायदा आला. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच लागू. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना ९ तास, महिन्याला चार सुट्ट्या, धोकादायक यंत्रांना कुंपण. मोठ्या माणसांबद्दल, बाई असो वा पुरुष, एक शब्द नाही. तपासणीचं काम मुख्यतः आधीच कामात बुडालेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे.

स्टोअरकीपर

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी, नंतर एका कापड गिरणीत स्टोअरकीपर. १८८० पासून ‘दीनबंधु’ या पत्राचं संपादन त्यांनी मुंबईहून केलं.

त्यांच्या या नोकरीपाशी मी बराच वेळ थांबलो. स्टोअरकीपर हा ना यंत्रावर उभा राहणारा कामगार, ना मालक. माल कधी आला, कधी गेला याची नोंद त्याच्या वहीत असते. गिरणी आतून कशी चालते हे त्याला दिसतं, आणि त्याला लिहिता येतं.

१८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून एक अर्ज तयार झाला, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांची नावं होती. तो त्या वर्षी नेमलेल्या दुसऱ्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला गेला. मागण्या पाच:

रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय.

ही यादी इंजिनिअरच्या डोळ्यांनी वाचली तर मजा येते. ‘आम्हाला न्याय द्या’ असं मोघम काही नाही. प्रत्येक मागणीत वार, तास, तारीख आहे. पाळली गेली की नाही, हे कुणालाही तपासता येईल. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मागणीची टेस्ट लिहिता येते.

आणि तिसरी मागणी पुन्हा वाचा: ‘सूर्यास्ताला बंद’. गिरणी आतून बाहेरून ओळखणारे लोखंडेही सूर्यावरच विसंबले होते. १८८४ मध्ये दुसरं काही सुचायचं कारणही नव्हतं.

लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण सरकारी अहवालाच्या नजरेतून पाहिलं, तर या संघटनेकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. दारात येईल त्या कामगाराला सल्ला देणारा आणि त्याचं म्हणणं कागदावर आणणारा एक माणूस होता. आज आपण ज्याला सिव्हिल सोसायटी म्हणतो, ती तेव्हा एवढीशीच होती.

तरी काम झालं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकांनीही तिथे भाषण केलं. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात सरकारनं लोखंड्यांना सहभागी करून घेतलं. पुढच्या वर्षी कायदा आला. पहिल्या कमिशनपासून १६ वर्षांनी.

‘हा तर मँचेस्टरचा डाव’

हा इतिहास चांगले विरुद्ध वाईट इतका सरळ नाही. फॅक्टरी कायद्याला मालकांइतकाच राष्ट्रवादी पत्रांचाही विरोध होता. टिळकांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांत होते. त्यांचा मुद्दा असा: मुंबईच्या गिरण्या लँकेशरच्या कापडाला टक्कर द्यायला लागल्या, म्हणून तिथल्या गिरणीमालकांना एकाएकी आपल्या कामगारांची दया आली. नियम लादून आपला बाळसं धरणारा उद्योग मारायचा हा डाव आहे.

यात तथ्य होतं. लँकेशरचे मालक खरोखरच या कायद्यासाठी दबाव आणत होते, आणि त्यांचा स्वार्थ उघड होता. आजही एआयच्या नियमांचा विषय निघाला की हाच सूर लागतो. नियम आणले तर भारत मागे पडेल. कडक नियम मोठ्या परदेशी कंपन्यांनाच परवडतील, कारण त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. खारघरला स्टार्टअप चालवणारा माझा एक मित्र हे अगदी कळकळीनं सांगतो, आणि त्याच्या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

पण १८८४ च्या वादात दोन मोठे गट एकमेकांच्या हेतूंवर बोलत होते, आणि त्यात एक साधी गोष्ट हरवत होती. मँचेस्टरवाल्याचा हेतू वाईट असला म्हणून परळच्या कामगाराचा दिवस लहान होत नाही. लोखंड्यांचं मोल मला इथे दिसतं. लँकेशरला काय हवंय यावर वाद घालण्याऐवजी त्यांनी ५,५०० माणसांना काय हवंय ते तारीख-वेळेसकट लिहून दिलं. स्वयंसेवी संस्थेचं काम बहुतेक वेळा एवढंच असतं: वादाच्या टेबलावर तिसरा कागद ठेवणं. अशा संस्थेला पैसा कुठून येतो, हे मात्र लोकांनी जरूर विचारावं. एआयवर काम करणाऱ्या जगभरातल्या कित्येक संस्थांना टेक उद्योगातूनच पैसा मिळतो. आपला हिशोब उघडा ठेवणं हे संस्थेनं द्यायचं उत्तर आहे.

दिवा लागल्यावर

१९०५ च्या दिव्यांनंतर पुन्हा तेच चक्र फिरलं. वर्तमानपत्रांनी लांबलेल्या पाळ्यांवर टीका केली. १९०६ मध्ये समिती, १९०७ मध्ये कमिशन. कमिशनच्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको होती. सज्ञान माणूस आपलं भलं स्वतः पाहू शकतो, हा त्या काळचा आवडता युक्तिवाद. सदस्यांपैकी मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळं मत नोंदवलं. शेवटी १९११ च्या कायद्यात कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी पहिल्यांदा आकडा आला: १२ तास. कायदा १९१२ मध्ये लागू झाला. दिवा लागल्यापासून सात वर्षांनी.

याच काळात मुंबईत कामगारांभोवती काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. सीताराम केशव बोले यांची कामगार हितवर्धक सभा, १९११ मध्ये ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग. रात्रशाळा, वाचनालयं, तंट्यांमध्ये मध्यस्थी असं त्यांचं काम होतं. ना. म. जोशी पुढे १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत होते. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग तो त्यांच्याच नावाचा. आज त्या रस्त्याच्या आजूबाजूला गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं आहेत.

मालक कोण?

आता खाडी ओलांडून आमच्याकडे या. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथे माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत. माथाडी म्हणजे डोक्यावर ओझं वाहणारा. मसजिद बंदरच्या बाजारपेठा वाशीला आल्या, तसे कामगारही इकडे आले.

माथाडींचा प्रश्न गिरणी कामगारांपेक्षा वेगळा होता. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गोणी, दुपारी दुसऱ्याच्या. कायद्याला एक मालक लागतो आणि यांना एक मालकच नव्हता. पगार, सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी मागायचा तो कुणाकडे? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. कामगार आणि व्यापारी दोघांनी मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पैसे देणार आणि त्याचे हक्क सांभाळणार. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी.

डिलिव्हरी ॲपवरच्या मुलांनाही एक मालक नाही. २०२३ मध्ये राजस्थाननं गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, त्यात हीच मंडळ आणि व्यवहारामागे शुल्क अशी रचना आहे. त्यासाठी गिग कामगारांच्या संघटनांबरोबर मजदूर किसान शक्ती संघटन झटली. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीत जिचं मोठं नाव आहे, तीच ही संघटना. २०२५ मध्ये कर्नाटकच्या कायद्यानं एक पाऊल पुढे टाकलं: माणसाऐवजी सॉफ्टवेअर निर्णय घेत असेल, तर ते कशाच्या आधारावर घेतं हे कामगाराला कळलं पाहिजे. ज्या महाराष्ट्रात मुळात माथाडी कायदा जन्मला, तिथल्या वाचकाला हे वाचून थोडं चुकल्यासारखं वाटायला हरकत नाही.

आपला सूर्य कोणता?

माझ्या कामाचंच उदाहरण घेतो. गोदामात सुपरवायझर चाळीस माणसांवर लक्ष ठेवतो. तो कितीही कडक असला तरी त्याला दोनच डोळे. तो चहाला जातो, फोनवर बोलतो, कुणाची आई आजारी आहे हे त्याला माहीत असतं. त्यामुळे कामगाराला श्वास घ्यायला जागा मिळायची. ही जागा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. कायद्यात तास आहेत, दोन खोकी उचलण्यामध्ये किती सेकंद हवेत ते नाही.

हातातला स्कॅनर आणि त्यामागचं मॉडेल आलं की चाळीसही माणसांचा प्रत्येक सेकंद नोंदला जातो, आणि काल सगळ्यात जलद असलेल्याचा वेग आज सगळ्यांचं टार्गेट होऊ शकतो. आठ तासांची पाळी आठ तासांचीच राहते. कायदा मोडलेला नसतो. सुपरवायझरच्या डोळ्यांची मर्यादा हा आपला सूर्य होता. तो कायद्याच्या वतीनं फुकट काम करत होता.

चौकात उभ्या हवालदाराला काही शे चेहरे लक्षात राहतात. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला लाखो राहतात. तिथेही माणसाच्या स्मरणशक्तीनं आपलं खासगीपण जपलं होतं. आता महाराष्ट्र सरकारनंच पोलिसांच्या एआय वापरासाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली आहे.

कोणता सूर्य मावळतोय हे वेळेत ओळखणं, मोजणं आणि लिहून ठेवणं हे आज एआय नियमनावर काम करणाऱ्या संस्थांचं काम आहे. कॅलिफोर्नियात गोदाम कामगारांसोबत काम करणाऱ्या संस्थांच्या पाठपुराव्यातून २०२१ मध्ये कायदा झाला. वेगाचं टार्गेट कामगाराला लेखी सांगा, आणि जेवणाची सुट्टी किंवा लघवीला जाणं बुडेल असं टार्गेट ठेवू नका. युरोपच्या एआय कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी एआयनं कामगाराच्या भावना ओळखायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तेवढा अपवाद. दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशननं २०२० मध्ये ‘पॅनॉप्टिक’ प्रकल्प सुरू केला. देशात कुठे-कुठे चेहरा ओळखणारी यंत्रणा बसतेय, याची नोंद ते ठेवतात, बरीचशी माहितीच्या अधिकारातून मिळवून. लोखंड्यांच्या अर्जाचाच हा पुढचा अवतार आहे.

त्यांची ती वहीच आता आखूड होतेय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. पूर्वी सार्वजनिक हित दाखवून अशी माहिती मागायची वाट त्याच कलमात होती. ती तिथून गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागूही झाला. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. सध्या वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे बऱ्याच अंशी पुरतील, असा त्यांचा सूर आहे.

कदाचित पुरतीलही. पण मग ते कायदे कशावर विसंबून आहेत हे आधी तपासायला हवं, आणि ते तपासायला आतलं माहीत असलेली माणसं हवीत. ऐरोली, महापे, रबाळेच्या ऑफिसांत आणि डेटा सेंटरमध्ये आपल्यासारखे हजारो स्टोअरकीपर बसलेत. कंपनीची गुपितं फोडा असं मी म्हणत नाही. सार्वजनिक मसुदा, सार्वजनिक टेंडर वाचून त्यातली खोच सोप्या मराठीत सांगणं, एवढं आपल्याला येतं आणि फारच थोड्या लोकांना येतं.

आमच्या संस्थेत कोणताही नवा मसुदा आला की आम्ही तीन प्रश्न लिहून काढतो. हे काम आधी माणूस करायचा तेव्हा कोणती मर्यादा आपोआप पडत होती? यंत्र आल्यावर ती उरते का? उरत नसेल तर तिच्या जागी कोणता आकडा लिहायचा, आणि तो पाळला जातोय हे बाहेरच्या माणसाला कसं तपासता येईल? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हरकतींची मुदत बहुधा तीस दिवसांची असते, आणि आम्ही सहाच जण आहोत.